चारशे बारा मालक

रंजीता कोरेटीने सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी प्रोग्राम सुरू केला आणि नऊ वाजून एकोणीस मिनिटांनी पडद्यावर पहिली ओळ उमटली: यादी तयार, पायरी एक, एकूण पायऱ्या एकवीस. एवढ्या वेळात तिचा दोनदा चहा झाला होता, ग्रामसभेचं कार्यालय झाडून झालं होतं आणि आईशी एक कडाक्याचं भांडणही उरकलं होतं.

भांडण दिसायला वाघिणीवरून होतं, पण खरं तर मोहावरून. एप्रिलचे दिवस. जंगलात मोहाच्या फुलांचा सडा पडत होता आणि गावातल्या बाया घरात बसून होत्या. चार दिवसांपूर्वी तळ्याच्या वाटेवर दोन पिल्लांची वाघीण दिसली. ग्रामसभेने लगेच ठराव केला: ती कोणत्या अंगाला आहे हे कळेपर्यंत कोणी वेचायला जायचं नाही. आता मोह काही ठराव वाचून पडत नाही. तो पहाटे पडतो, आणि माणसांनी उचलला नाही तर अस्वलं आणि डुकरं आनंदाने उचलतात. बायांनी चार दिवस कळ काढली. आज सकाळी बुधरीने, म्हणजे रंजीताच्या आईने, टोपली काढून थेट कार्यालयाच्या ओट्यावर आणून ठेवली.

"उद्या चार वाजता निंगतो मी," ती म्हणाली. "तुही मशीन बोलो, नाई त नको बोलो."

"आय, आज दुपारच्या सभेत सांगतो म्हनलं ना!"

"चार दिवस तेच आयकून राह्यलो."

"वाघीण हाय तिथी. दोन पिल्लं घेऊन हाय. तुले समजत काऊन नाई?"

"कुठी हाय? तळ्याकडं हाय का डोंगराकडं हाय? तेवढं सांग, मंग मी दुसरीकडं जातो."

एवढं बोलून बुधरी निघून गेली. ही बाई एकदा बोलली की दुसऱ्यांदा बोलत नाही, सरळ जाते. तिच्यामागून पाच-पन्नास बाया जाणार हेही रंजीताला ठाऊक होतं. प्रश्न तर आईने बरोबरच विचारला होता. कुठी हाय? उत्तर त्या मशीनच्या पोटात होतं आणि मशीन तोंड उघडायला तयार नव्हती.

कुरखेडा तालुक्यातल्या या चार ग्रामसभांनी मिळून जंगलात एकशेवीस कॅमेरे बांधलेत. समोरून काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. काल संध्याकाळी सगळी कार्डं गोळा होऊन आली. नवे फोटो नऊ हजार, जुन्यांसकट दीड लाख. नव्यांतले बरेचसे हलणाऱ्या गवताचे, गाईंचे, आणि इसरूच्या कुत्र्याचे. त्या कुत्र्याला कॅमेऱ्याची इतकी हौस, की वाघापेक्षा त्याचेच फोटो जास्त. हे सगळं चाळून वाघ वेगळा काढायचं काम प्रोग्रामचं. जुना संगणक ते तासाभरात करायचा. तो मागच्या महिन्यात गेला आणि नागपूरच्या एका संस्थेने नवी मशीन पाठवली. तिच्यात प्रोग्राम कंटेनरमध्ये घालून दिलेला.

कंटेनर म्हणजे मशीनच्या आतली एक बंद खोली. प्रोग्राम आपलं अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी सगळं बरोबर घेऊन त्या खोलीत राहतो. बाहेरच्या घरात कोण आहे, काय आहे, त्याला पत्ता नसतो. फोटोंचं फोल्डर तेवढं खिडकीतून आत दिलेलं. कल्पना चांगलीच आहे, कुठूनही उचलून कुठेही मांडता येतं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात रंजीताने याच विषयावर पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आता ते मार्क घेऊन ती त्या बंद खोलीसमोर बसली होती.

एकवीस पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या आधी हा गडी फोल्डरातल्या सगळ्या फोटोंची यादी पहिल्यापासून करणार. एका यादीला एक तास नऊ मिनिटं. तिने हजेरीपटाच्या मागे हिशेब मांडला. चोवीस तास. म्हणजे उद्या सकाळचे सव्वाआठ. आई पहाटे चारला निघणार.

तिने नागपूरला नागसेनला फोन लावला. कंटेनर त्यानेच बांधलेला. मुलगा हुशार, मनाचाही चांगला, पण त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"आमच्याकडे तर पटकन चालतं."

"तुमच्याकडे चालतं ते माहीत आहे, सर. इथं यादीलाच तास लागून राह्यला."

"मग तुमची डिस्क गेली असेल. आज शुक्रवार ना? सोमवारी येतो मी नवीन घेऊन."

सोमवार! रंजीताने फोन ठेवला आणि ओढणी कमरेला खोचली. डिस्क खराब आहे का, हे बघायला काय सोमवार लागतो?

तिने कंटेनरच्या बाहेर, मशीनवर, तीच यादी मागितली. लिनक्समध्ये यादीची आज्ञा असते एलएस, आणि सविस्तर यादी हवी तर एलएस डॅश एल. दीड लाख फोटो दोन सेकंदांत सरसर खाली सरकले. मग कंटेनरच्या आत शिरून तिने एक भलामोठा व्हिडिओ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नकलून पाहिला. झटक्यात झाला. डिस्क ठणठणीत होती. नागसेनच्या सोमवारचं लोणचं घाला, ती स्वतःशीच म्हणाली.

मग आत नुसतं एलएस केलं. सविस्तर नको, नावं सांग फक्त. एका दमात सगळी नावं! रंजीता खुर्चीतच सरळ झाली. म्हणजे फोटो आहेत हे त्याला लगेच दिसतं. त्यांच्याविषयी चार गोष्टी सांग म्हटलं, की याची वाचा बसते. कोणती गोष्ट अडते? फोटो केवढा, कधीचा, कोणाला उघडायची परवानगी, मालक कोण.

तिने एकच फोटो घेतला आणि आत त्याची सविस्तर यादी मागितली. मोबाइलवर सेकंद मोजले. दहा. परत केलं. दहा. साडेनऊ नाही, अकरा नाही, मोजून दहा. डिस्क थकलेली असती, तर कधी सात लागले असते, कधी पंधरा. ठरवून दहाच सेकंद कोण घेतं? जो कोणाची तरी वाट बघत उभा आहे आणि दहा म्हटल्यावर नाद सोडतो, तोच.

आता तिला थांबवत नव्हतं. एकाच झाडावरच्या कॅमेऱ्याचे पन्नास फोटो दिले. दहा सेकंद. पन्नासांना मिळून दहा! मग दोन फोटो दिले, पण दोन वेगळ्या झाडांचे. वीस. तीन झाडांचे तीन. तीस.

"झाडं!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की ओट्यावर टेकून बसलेली म्हातारी सोनीबाई दचकली. "झाडं मोजून राह्यला तो!"

झाड म्हणजे मालक. हे इथल्या पोरालाही सांगावं लागत नाही, नागपूरच्या माणसाला मात्र सांगावं लागतं. मोहाची झाडं जंगलात आहेत हे खरं, पण कोणतं झाड कोणत्या घराचं हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं आहे, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. कॅमेरे बांधले ते याच झाडांना, दर दोन महिन्यांनी दुसऱ्या घरांच्या, त्यामुळे आजवर एकही घर सुटलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी एक बाई वेचून दमली, आपल्याच झाडाखाली पदर बाजूला टाकून झोपली, आणि कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला. तो चार टवाळांच्या मोबाइलवर फिरला. गावातल्या बाया अशा खवळल्या, की सगळे कॅमेरे कुऱ्हाडीने उतरवायला निघाल्या. सगळ्यांत पुढे काठी टेकत सोनीबाई. तेव्हा ठराव झाला: ज्याच्या झाडाचा फोटो, तो त्याचा. त्याला विचारल्याशिवाय कोणी उघडायचा नाही.

दुसऱ्या कोणी हा ठराव वहीत लिहून वही कपाटात ठेवली असती. रंजीताने तो अक्षरशः पाळला. चार गावांतल्या एकेका घराला तिने मशीनवर वापरकर्ता केलं, क्रमांक दिला आणि झाडागणिक प्रत्येक फोटो त्या त्या घराच्या मालकीचा करून टाकला. जंगलातला कोणताही फोटो उघडायचा तर मालकाचा अंगठा लागतो, रेशनच्या दुकानात लागतो तसाच. फोटोत माणूस असो की वाघ. प्रोग्राम तेवढा न विचारता चाळतो, पण फोटो कोणाला दाखवत नाही.

मालक एकूण किती? तिला तोंडपाठ होतं. चारशे बारा.

चारशे बारा गुणिले दहा. चार हजार एकशे वीस सेकंद. भागिले साठ. अडुसष्ट मिनिटं आणि चाळीस सेकंद. एक तास नऊ मिनिटं! रंजीता उठून उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. गणित असं चपखल बसलं, की तिला कोणाला तरी मिठी मारावीशी वाटली. जवळ फक्त कुलर होता.

एक शेवटची खात्री. एलएसला सांगता येतं, की मालकाचं नाव शोधू नको, नुसता क्रमांक सांग. ती आज्ञा एलएस डॅश एन. आत शिरून तिने ती दिली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा दीड लाख फोटोंची सविस्तर यादी पडद्यावर येऊन संपलीसुद्धा होती.

"काय झालं वं?" सोनीबाईने बाहेरून विचारलं. "काऊन नाचून राह्यली?"

सोनीबाईला मोतीबिंदूमुळे आता फारसं दिसत नाही. दिवसभर ती कार्यालयाच्या दाराशी बसते आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला काठी आडवी धरून विचारते, कोनाचा तू? उत्तर मिळाल्याशिवाय काठी हलत नाही. एकदा तहसीलदारांनाही तिने तसंच उभं केलं होतं.

"बाई, ह्या खोलीच्या दाराशी तुह्यासारखंच कोनी बसलं हाय," रंजीता तिच्याजवळ उकिडवी बसली. "एक एक फोटो आला का इचारते, कोनाचा तू? फोटो म्हनते, दोनशे सात नंबरचा. आता दोनशे सात कोन, ते त्याले मालूम नाई. मंग तो नागपूरले आवाज देते, अरे दोनशे सात कोन हाय रे? तिथून काहीच आवाज येत नाई. दहा सेकंद कान देऊन बसते आन् मंग म्हनते, जाऊ दे, आता दुसरा."

"नागपूरचे काऊन बोलत नाईत?"

हाच तर प्रश्न होता. रंजीताने पुन्हा फोन लावला. या वेळी तिचं बोलणं अर्धं होतंय तोच नागसेनने कपाळावर हात मारल्याचा आवाज तिला इकडे ऐकू आला.

"अरे देवा. मालकाचं नाव सापडलं नाही तर आमच्या ऑफिसच्या सर्व्हरला विचार, असं मीच लिहून ठेवलंय त्यात. इथं सर्व्हर शेजारीच आहे, तो लगेच सांगतो की असा कोणी नाही. विषय संपला. पण बाहेरून कोणी त्याच्यापर्यंत पोचूच शकत नाही."

"म्हणून तुमच्याकडे पटकन चालतं."

"म्हणून," नागसेन ओशाळून म्हणाला. "पण चारशे बारा वापरकर्ते? एका मशीनवर? हे कोणी केलं?"

"मी."

"बरं. ऐक, सोपं आहे. सगळे फोटो रूटच्या नावावर टाक. एक आज्ञा, दहा सेकंद. मालक एकच, भानगडच नको."

रूट म्हणजे मशीनचा सरपंच, पाटील आणि तहसीलदार, सगळं एकच. रंजीताने आज्ञा लिहिलीही. पावणेबारा वाजले होते, सभा चारला, आणि आईची टोपली दारात दिसत होती. नुसतं एक बटण दाबायचं होतं. पण दीड लाख फोटोंची मालकी एकदा पुसली, की मग तिच्या एकटीच्या अंगठ्याने सगळे उघडणार. झाडाखाली झोपलेली ती बाईसुद्धा. तिचं बोट बटणावर तसंच राहिलं.

"काय म्हनते तो?" सोनीबाईने विचारलं.

"म्हनते, सगळे फोटो एकाच्याच नावावर करून टाक."

"कोनाच्या?"

"माझ्याच, म्हनलं तर."

सोनीबाई काठी जमिनीवर आपटून म्हणाली, "मी काऊन इचारतो कोनाचा तू म्हनून? मले दिसत नाई म्हनून. दिसलं असतं त काऊन इचारलं असतं? तुह्या त्या दारावाल्याले गावाची यादी दे ना वं. कोन कोनाचा, ते त्याच्या हातात दे. मंग तो नागपूरले कायले आवाज देते?"

रंजीताने म्हातारीचे दोन्ही गाल धरून ओढले.

चारशे बारा नावांची ती यादी मशीनवर होतीच, बाहेरच्या घरात. म्हणून तर बाहेर सगळं दोन सेकंदांत होत होतं. आतल्याला ती कोणी दिलीच नव्हती. रंजीताने रूटची आज्ञा पुसली. कंटेनर बंद केला, त्याच्या सुरुवातीच्या आज्ञेत एक ओळ घातली, की फोटोंच्या फोल्डरबरोबर नावांची फाइलही खिडकीतून आत द्यायची, फक्त वाचायला. कंटेनर पुन्हा उठवला. आत शिरून एलएस डॅश एल.

दोन सेकंद! आणि क्रमांक नाहीत, नावं! सोनीबाई, लच्छू, आशाबाई, चंदन, गावच्या गाव पडद्यावर धावत गेलं. रंजीता एकटीच टाळ्या पिटत होती. फोन अजून चालूच होता, आणि नागपुरात नागसेनही पिटत होता.

बारा वाजून वीस मिनिटांनी प्रोग्राम पुन्हा सुरू झाला. पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन. डबा उघडायचीही तिला सवड झाली नाही. दीड वाजायच्या आत एकविसावी पायरी संपली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: वाघ, सतरा फोटो, मालक एकच. खाली नाव होतं. ते वाचून तिचा सगळा आनंद जागच्या जागी थिजला.

चारच्या सभेला समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पुढे, बाप्ये मागे. अध्यक्ष लच्छूभाऊंनी सगळ्यांना जोहार केला आणि रंजीताकडे वळले.

"बोल बाई. भेटली का वाघीण?"

"भेटली, भाऊ. सतरा फोटो हायेत. पन उघडाले मालकाले इचारा लागते."

"मंग इचार ना. कोनाचा फोटू हाय?"

रंजीता पुढच्या रांगेत बसलेल्या आईकडे बघत होती. बुधरीला समजायला क्षणभर लागला. मग ती हळूच उठली, पदर सावरला आणि टेबलापाशी आली.

"माहा हाय," ती म्हणाली, आणि अंगठा लावला.

भिंतीवर फोटो उघडला. डोंगराकडचं बुधरीचं जुनं झाड. मोह स्वच्छ वेचता यावा म्हणून तिने पाला जाळून काळी केलेली जमीन, वर फुलांचा पिवळट सडा, आणि त्या सड्यावर आडवी पडलेली वाघीण. एक पिल्लू तिच्या पोटाशी, दुसरं तिच्या शेपटीशी खेळणारं. कोपऱ्यात वेळ होती, काल पहाटे चार वाजून पन्नास मिनिटं. बुधरी चारला घरून निघाली की बरोबर पन्नास मिनिटांनी त्या झाडाखाली पोचते. बाकीचे सोळा फोटोही तिथलेच निघाले, चारही दिवसांचे, तीच जागा.

"चार दिवस तिथीच हाय," रंजीता म्हणाली. "आय, तू उद्या जानार होती."

बुधरी फोटोकडे बघत राहिली. मग तिने लेकीचा हात धरला, सगळ्या सभेदेखत, आणि बराच वेळ सोडला नाही.

ठराव लगेच झाला. डोंगराकडचं जंगल बंद, तळ्याकडचं उद्या पहाटेपासून खुलं. बायांनी एकच गलका केला. चार दिवस दाबलेला आवाज एकदम बाहेर पडला, कोणी टोपल्या शोधायला पळाल्या, कोणी इसरूला सांगायला लागल्या, की तुझा कुत्रा बांधून ठेव. त्या गलक्यात बुधरी एकटी खाली बसली होती. तिची सगळी झाडं डोंगराकडची होती. तळ्याकडे तिचं एकही नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून काठी ठकठकत आली आणि बुधरीसमोर आडवी झाली.

"कोनाची तू?" सोनीबाईने विचारलं.

"बुधरी हाय मी, बाई."

"हां. तुलेच धुंडून राह्यलो होतो. तळ्याकडं माहे सात झाडं हायेत. मले आता दिसत नाई, फुलं कोन वेचते? उद्या तू ये. तीन झाडं तुह्ये." मग तिने काठी जरा उचलली आणि दटावून म्हणाली, "पर झाडं माहेच हायेत बरं. फोटू निंगला त मले इचारून पाहाजो."

पाच दिवसांत पहिल्यांदाच बुधरी हसली, आणि टोपली आणायला ओट्याकडे गेली.